वर चढणारी टेकडी

घाटकोपरची टेकडी वर चढते आहे, असं श्यामकांत साहेबांना वाटू लागलं ते शहाऐंशीच्या पावसाळ्यात.

साहेब सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ. दरड कोसळायच्या आधी तसं कळू शकतं का, हे पाहायला त्यांनी उतारावरच्या वस्तीत लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. माती सरकली की खुंटी खाली येणार, साधा हिशोब. पण परबांच्या मोरीमागची खुंटी दर आठवड्याला वीतभर वर!

"सुलक्षणा, जगात असं कुठे झालं नसेल," साहेब म्हणाले.

हाताखालची सुलक्षणा गायकवाड मुलुंडची, फटकळ. "सर, टेप उलटी धरली असेल."

"टेप मीच धरली होती."

"म्हणूनच म्हटलं."

साहेब ऐकेनात. परदेशातल्या परिषदेत काय बोलायचं, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. शेवटी सुलक्षणा एकटीच टेकडी चढली. रुक्मिणी परब मोरीत भांडी घासत होत्या.

"मावशी, ही खुंटी कोणी हलवली?"

"मीच," रुक्मिणीबाई अभिमानाने म्हणाल्या. "सारखी आडवी पडता गो. मगे उपटतंय आणि वायच वर, घट्ट जाग्यार ठोकतंय. सरकारी वस्तू, तिचे हाल बघवनत नाय."

सुलक्षणाला हसू फुटलं आणि तसंच विरलं. "आडवी पडते? कुठल्या बाजूला?"

"खाली. माती भुसभुशीत झाली मा."

सुलक्षणाने मोरीमागे हात घातला. मातीत मनगटापर्यंत गेला. ती धावत उतरली.

ऐकून साहेबांचा चेहरा पडला. पण परिषद बाजूला ठेवून ते तडक वस्तीत आले. "घरं रिकामी करा!"

"कुठल्या बिल्डरने पाठवलं?" लोकांनी विचारलं. एकाने तर साहेबांची छत्रीच काढून घेतली.

मग रुक्मिणीबाई सुलक्षणाचा हात धरून ओट्यावर उभ्या राहिल्या. "ह्यो बाबा येडो आसा, पण चेडू खरा बोलता! चला!" त्यांच्या तोंडाला सगळी वस्ती घाबरायची. माणसं, स्टोव्ह, कोंबड्या, एक टीव्ही, सगळं खालच्या शाळेत आलं. कोंबड्यांचा डालगा साहेबांच्या डोक्यावर होता.

दोन दिवस काहीच झालं नाही. लोक साहेबांना येताजाता शिव्या घालू लागले. साहेबही खिडकीतून टेकडीकडे अशा नजरेने बघत, जणू ती मुद्दाम थांबली आहे.

तिसऱ्या दिवशी, भरदुपारी, टेकडीने कूस बदलल्यासारखा आवाज केला. परबांचं घर आणि शेजारची ओळ चिखलात गेली. माणूस एकही नाही गेला. सुलक्षणाने रुक्मिणीबाईंना धरून बसवलं. शेजारी साहेब बसले आणि लहान मुलासारखे रडले.

बेघर झालेल्यांना मानखुर्दला खोल्या मिळाल्या. ताबा घ्यायच्या आधी रुक्मिणीबाई सुलक्षणाला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या. मागोमाग साहेबही पिशवी घेऊन आले.

"टेकडी दिसता खय?"

"नाही मावशी. सगळं सपाट आहे."

"बरा झाला." त्यांनी लांब चमकणाऱ्या पाण्याकडे बोट केलं. "आणि ता काय?"

"खाडी," सुलक्षणा पुटपुटली आणि साहेबांकडे बघू लागली.

पाणी कुठवर चढतं ते मोजायला साहेबांनी पिशवीतून खुंटी काढली.

"ती हंय द्या," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुमका नीट ठोकूक येणा नाय."