घोडीचा पेला

खोटं मी बोलले होते, ते आधीच सांगून टाकते. भाचीच्या, टेसाच्या, साखरपुड्याला नवऱ्यामुलाच्या आजींनी, थॉर्नहिलबाईंनी, कपाटातले बारा चांदीचे पेले दाखवले. केंटकीच्या शेतकी जत्रांत दीडशे वर्षांपूर्वी दिलेली बक्षिसं, सगळी घोड्यांची. मला मेलीला राहवेना. म्हटलं, "आमच्याकडेही आहे एक. खापरपणजीच्या घोडीला मिळालेला."

घोडी कसली, डुकरीण होती. पेल्यावरचा तो एक शब्द आमच्या घरच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या घासून बुजवला होता. वीस वर्षं तर मीच घासला. आता दिसायचं ते 'सर्वोत्तम' आणि '१८५७', बस्स.

नंतर कळलं, थॉर्नहिलबाईंना खोटेपणाचा भारी तिटकारा. थोरल्या नातवाचं लग्न त्यांनी त्यावरूनच मोडलं होतं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला.

लग्नात नवरीने पहिला घोट घरच्या पेल्यातून घ्यायचा, ही आमची रीत. पुदिना, साखर, बर्बन व्हिस्की आणि वर चेपून भरलेला कुटलेला बर्फ. पेल्याला बोट लावायचं नाही, बाहेरून दंव धरलं पाहिजे.

तेच नडलं. ट्रे घेऊन मांडवात शिरले आणि बघते तर पांढऱ्या दंवात बुजलेली अक्षरं उमटायला लागलेली. 'सर्वोत्तम', आणि खाली ठसठशीत 'डुकरीण'. पुसावं तर दोन्ही हात ट्रेला.

टेसाने वाचलं आणि ती फिस्सकन हसली. "आत्या, हे माझ्याबद्दल आहे का गं?"

थॉर्नहिलबाईंनी चष्मा लावला. "लॉरीन, हीच का तुझी घोडी?"

"हो. म्हणजे, घोडीएवढी होती."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, रडतायत. बाई हसत होत्या.

"आमच्या बारा पेल्यांवरची नावं वाचलीस? एकावरही थॉर्नहिल नाही. आमच्या ह्यांनी लिलावात घेतले आणि मी जन्मभर आमचे म्हणून मिरवले. आमच्या घरात डुकरानेसुद्धा कधी काही जिंकलं नाही गं."

टेसाने घोट घेतला आणि पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनीही चांगला मोठा घेतला.

"आता खरं सांग," त्या म्हणाल्या, "केवढी होती?"

मी खरंच सांगणार होते. पण अख्खा मांडव कान देऊन ऐकत होता, म्हणून दोनशे पौंड वाढवून सांगितलं.