नर्मदेकाठचे माड

दुपार कलली की आमच्या गिरगावातल्या वाडीतले माड सूर्याला झावळ्यांमधून गाळून घेत, आणि त्या गाळीव उन्हाचा एक सोनेरी पट्टा द्वारकाकाकूंच्या खिडकीतून आत उतरून चौरंगावर उघडलेल्या पुस्तकाच्या पानावर, वेळेवर आलेल्या श्रोत्यासारखा, मांडी घालून बसे. मग काकू खाकरत. त्या एका खाकरण्यासरशी सुपांतले तांदूळ नाचायचे थांबत, कावळे पंख मिटत आणि चौपाटीवरच्या लाटासुद्धा पाऊल न वाजवता किनाऱ्याला येत. यावर कोणाचा विश्वास बसत नसेल तर माझा इलाज नाही. मी तिथे होते, ते नव्हते.

प्लेगाच्या आधीची ती वर्षं. काकूंचं माहेर शेजारच्या वाडीत, सासर आमच्या वाडीत. दोहोंमध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणालाही भोक. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत दूरचा प्रवास म्हणजे बैलगाडीतून परळला जाऊन जेवलेलं एक बारसं. त्या परळचं वर्णन त्या असं करीत की ऐकणाराला वाटावं, पृथ्वी तिथे संपते आणि पुढे नुसतं आभाळ लोंबत असतं. पण यजमान शाळामास्तर होते, वाचनालयातून कादंबऱ्या आणीत, आणि त्या कादंबऱ्यांच्या पाठीवर बसून या बाईने आम्हा सगळ्याजणींसह अवघा हिंदुस्थान पालथा घातला.

राजपुतान्यात शिरलो तेव्हा आमचे घसे असे कोरडे पडले की वाडीच्या विहिरीचं पाणी हातभर खाली गेलं. काश्मिरात भर वैशाखात आम्ही शाली पांघरून बसलो. काकूंचं बोट ओळींवरून सरकू लागलं की बांगड्यांची मंद किणकिण आधी निघे आणि तिच्यामागून सांडणीस्वार, हिमशिखरं, देवदारांची वनं असा सारा लवाजमा चालत येई. त्यांच्या स्वरात ऋतू होते. अरण्याचं वर्णन आलं की तो ओलसर होई, रणांगण आलं की त्याला धूळ लागे, आणि विरहिणीच्या महालात तो असा झिरझिरीत होई की पलीकडचं सारं दिसावं आणि हाताला काही लागू नये.

मात्र कादंबरी वाचायची ती पोथीसारखी. पुस्तक चौरंगावर, त्याला हळदकुंकू, आणि थांबायचं ते शुभ स्थळीच. नायिका संकटात असताना पुस्तक मिटणं म्हणजे अपशकुन. वाचनालयात परत गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कपाळी कुंकू असे, आणि मास्तर तिथे मान खाली घालून उभे राहत. कादंबरीकार मंडळी तर प्रकरणाच्या शेवटी नायिकेला हमखास कड्यावर लोंबकळत ठेवीत. तिला खाली उतरवेपर्यंत काकू वाचत राहत आणि वाडीभर भात करपत राही.

आणि नेमकं हेच आमच्या यमूच्या मुळावर आलं.

यमू म्हणजे भागीमावशींची एकुलती लेक. हसली की कोनाड्यात कोणी समई ठेवावी तसा चेहरा. तिचा नवरा जबलपुराकडे रेल्वेच्या कचेरीत चिकटला होता. दोन वर्षांनी रजा मिळाली, बिऱ्हाड मांडलं, आता बायकोला न्यायला तो यायचा होता. काकूंनी कौतुकाने नर्मदाकाठची कादंबरी लावली: पोरीला आपला मुलूख आधी डोळ्यांखालून घालू दे. कादंबरीचा पहिला भाग संपला तो असा, की नववधूचा मेणा नर्मदेच्या घळीत ठगांनी वेढला आणि मशाल विझली. पुढे कोरं पान. दुसरा भाग ठाकूरद्वारचा कोणी सभासद गावी घेऊन गेलेला.

भागीमावशी सूप खाली ठेवून उठल्या. "द्वारके, ती घळीतली पोर सुटेस्तोवर माझी यमू या उंबऱ्याबाहेर पडायची नाही."

"अहो वन्सं, ती पुस्तकातली."

"पुस्तकाला कुंकू कोणी लावलं? मी?"

काकूंनी कुंकवाचा करंडा हळूच पदराआड सरकवला. जावईबापू येऊन दाखल झाले, ओटीवर बसून पायांची बोटं मोजू लागले. रविवारच्या गाडीने त्यांना परतायचं होतं. एकटे गेले असते तर पुढची रजा कधी, ते साहेबालाच ठाऊक.  यमू नुसती विहिरीवर गेली आणि रिकामा रहाट ओढत राहिली.

शनिवारी दुपारी काकूंनी निरोप धाडला: दुसरा भाग मिळाला. आम्ही पदर सावरीत धावलो. चौरंगावर लाल पुठ्ठ्याचं पुस्तक, त्यावर ताजं कुंकू. मी नेहमीप्रमाणे काकूंच्या खांद्याशी बसले आणि पानावर नजर टाकली. ते मास्तरांचं अपूर्णांकांचं पुस्तक होतं.

काकू खाकरल्या. तीन सप्तमांशांवर बोट ठेवून त्यांनी चंद्र उगवविला. छेदाखालून ठग पळाले. नर्मदा रुपेरी झाली आणि तिच्या काठी माड उभे राहिले, कारण माडावाचून किनारा असतो हे काकूंनी कधी पाहिलंच नव्हतं. घळीतल्या वधूला हात देऊन वर काढलं ते डोक्यावर टोपली घेतलेल्या एका कोळणीने, आणि वर काढता काढता अस्सल गिरगावी ठसक्यात विचारलं, "अगो बाय, एवढ्या अंधाराची इथे काय करतंस?" पान उलटलं, व्यवहारी अपूर्णांकांत वधूचं घर बांधून झालं, अंगणात तुळस लागली, नवरा दिवेलागणीला घरी आला. असं वर्णन मी आजवर कुठल्या छापील पुस्तकात वाचलेलं नाही.

भागीमावशींनी डोळे पुसले. "तिकडेही आपलीच माणसं दिसतात की. मग जाऊ दे बापडी."

रविवारी ओटी भरताना यमू काकूंच्या पाया पडायला वाकली. तिची अक्षरओळख जोडाक्षरांशी अडखळते, असं आम्ही सगळ्या समजत होतो. तिने हलकेच म्हटलं, "काकू, अपूर्णांकांतून नर्मदा फार छान उतरली हो. पण माड तेवढे खरे निघायचे नाहीत."

काकूंचा चेहरा क्षणभर उतरला. "मग भ्यायली नाहीस?"

"भ्याले. तरी जाते."

काकूंनी ओटीतला नारळ काढून घेतला, परसात गेल्या आणि हातभर कोंब फुटलेला नारळ आणून तिच्या पदरात घातला. "खरे निघत नसतील तर खरा कर."

दोन महिन्यांनी खरा दुसरा भाग आला. त्यात पहिल्याच पानावर वधू बुडाली होती. काकूंनी तेवढंच वाचलं, पुस्तक मिटलं, कुंकू न लावता परत धाडलं आणि म्हणाल्या, "लेखकाने चौकशी नीट केलेली नाही."

पुढे खूप वर्षांनी, काकू गेल्यावर, मी नर्मदा पाहिली. संगमरवरी कड्यांच्या मधून ती इतकी निःशब्द वाहत होती की वाटलं, आता कोणीतरी खाकरेल. काठावर एकही माड नव्हता. पण यमूच्या अंगणात, तुळशीपलीकडे, एक होता. फळ कधी धरलं नाही त्याने. थंडीने दरवर्षी करपे आणि दरवर्षी नवा कोंब काढी. खाली यमूची नात मोठ्याने पुस्तक वाचत होती, आणि झावळ्यांतून गाळलेला उन्हाचा एक पट्टा तिच्या पानावर मांडी घालून बसला होता. काळ माणसांना नेतो ते कुठे, मला ठाऊक नाही. पण परळपलीकडे कधी न गेलेली एक बाई माझ्या आधी तिथे पोहोचली होती आणि माझ्यासाठी सावली धरून उभी होती.