बांधावर फक्त आठ

चुलतबहिणीच्या लग्नाला चार दिवस कणकवलीला गेलेली संचिता परब सोमवारी सकाळी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात परतली, स्वतःच्याच गेममध्ये शिरली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेमचं नाव ‘मिठागर’. अजून चाचणीत होता, तरी हजारो लोक आपापल्या फोनवरून त्यात यायचे. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. कुणी मीठ ओढणारा, कुणी नावाडी, कुणी व्यापारी. एरवी ज्याचं त्याचं काम चालायचं. पण उधाण आलं की खाडीचा बांध फुटायचा, आणि हातातलं टाकून सगळ्यांनी बांधावर धावायचं. चाळीस जणांनी रांगेत उभं राहून चिखलाची पाटी एकमेकांच्या हातात द्यायची. एकानेही लय चुकवली की पाटी सांडली, पाणी मिठात घुसलं. ही रांग संचिताच्या डोक्यातून निघालेली. दोन वर्षं खपून तिने ती बसवलेली. चित्रं साधीच होती. पाणी म्हणजे हिरवा पट्टा, माणसं म्हणजे रंगीत ठोकळे. पण काच तडकलेल्या जुन्या फोनवरसुद्धा रांग अडखळायची नाही.

आता पडद्यावर जे पाणी होतं ते बघून तीही क्षणभर थबकली. मावळतीचं ऊन लाटेलाटेवर फुटत होतं, ओला चिखल चमकत होता, बाईच्या लुगड्याचा काठ वाऱ्यावर फडफडत होता. मग तिने रांगेतली माणसं मोजली. आठ. त्यांच्या मागे पुष्कळ जण दिसत होते, पण ते नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखे. हात हलवायचे, पाटी घ्यायचे नाहीत.

“सूरज!”

चित्रांचं काम बघणारा सूरज दोन टेबलं पलीकडे बसायचा. त्याने कानावरचे हेडफोन काढले आणि तिचा चेहरा बघून पुन्हा घालावेत की काय असा विचार केला.

“हे कुणी केलं?”

“पाणी मी केलंय. आठ नाही केले मी.” तो हळू आवाजात म्हणाला. “गेल्या आठवड्यात ते गेममध्ये घातलं, पण त्याचा भार फोनला झेपेना. चाळीस लोक आले की फोन तव्यासारखा तापायचा, चित्र अडकायचं. प्रीतम म्हणाला, मग माणसं कमी कर.”

“आणि मला विचारायचं नाही?”

“मी बोललेलो त्याला. तो म्हणाला, लग्नात आहे ती, कशाला डोक्याला ताप.”

प्रीतम जगदाळे कंपनीचा प्रमुख. कॉलेजात दोघं एका बाकावरची. कंपनी काढली तेव्हा कोपरला त्याच्या मावशीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर बसून काम केलेलं. आता तो घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहत होता. त्याच्या केबिनचं दार तिने ठोठावलंही नाही.

“आठ म्हणजे काय रे? बांधावर भजी तळायला आलेत का?”

“आधी बस.”

“नाही बसत.”

“पाणी आवडलं का ते सांग.”

“पाणी चांगलंय. त्या पाण्यापायी माणसं कापलीस तू.”

प्रीतमने खुर्ची मागे सरकवली. “आपले आधीचे दोन गेम आठव. खेळायला एक नंबर, तूच केलेले. कुणी घेतले? ढिगाने गेम मांडलेले असतात, माणूस चित्र बघतो आणि अंगठ्याने पुढे ढकलतो. तुझी रांग त्याला दिसणार कधी? आत आल्यावर. मग त्याला आत आणणार कोण? हे पाणी.”

संचिताचा राग आणखी चढला. कारण तो खोटं बोलत नव्हता. ते दोन गेम धूळ खात पडले होते.

“आणि आत येऊन काय बघेल? बडा घर, पोकळ वासा! उधाणापुरतं पाणी साधं कर, माणसं चाळीस राहू देत. बाकी वेळ चमकव हवं तेवढं. सूरजला जमेल.”

“जाहिरातीत उधाणच दाखवतोय आपण. तिथेच पाणी साधं निघालं तर लोक म्हणतील फसवलं.”

“आणि आता नाही फसवत? ते मागचे बाहुले कोण आहेत?”

प्रीतमने फोन उचलला. तिच्याकडे न बघता म्हणाला, “शुक्रवारी सोडतोय गेम. ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

त्याने फोन कानाला लावला. बाहेर येताना तिने दार असं आपटलं की काचेवरचा कंपनीचा स्टिकर अर्धा सुटला.

शुक्रवारी गेम सगळ्यांसाठी खुला झाला. लोकांनी कौतुकाचा पाऊस पाडला. डोळ्यांचं पारणं फिटलं, असलं पाणी बघितलं नव्हतं, वगैरे. शनिवारी ऑफिस उघडं ठेवून प्रीतमने पेढे वाटले. संचिताने बॉक्सकडे ढुंकून पाहिलं नाही. रविवारी गेममध्ये उधाण आलं, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी ऑफिसच्या दारात पाच-सहा माणसं येऊन उभी राहिली.

सर्वांत पुढे साठीची एक बाई, अंगावर भरपूर सोनं, हातात फोन. भोपरच्या तुळसा म्हात्रे. सासऱ्यांच्या काळात त्यांचं खरंखुरं मिठागर होतं. आता त्याच कुटुंबाच्या तीन इमारती होत्या. नातवाच्या फोनवर एकदा गंमत म्हणून त्या चाचणीतल्या गेममध्ये शिरल्या, आणि वर्षभरात पस्तीस जणांच्या टोळीच्या म्होरक्या होऊन बसल्या. टोळीतले बरेच जण एकमेकांना त्या सकाळी डोंबिवली स्टेशनबाहेर पहिल्यांदाच भेटलेले.

“अपॉइंटमेंट आहे का?” रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं.

“नाय. मालक कोन हाय, त्याला बोलव.”

प्रीतमने त्यांना मीटिंगच्या खोलीत नेलं. संचिता आणि सूरजही मागोमाग आले.

“काल आमी पस्तीस जना बांधाव गेलू,” तुळसाकाकी म्हणाल्या. “मना सातच जना दिसले. बाकीची खय गेली?”

त्यांच्या शेजारची रसिका कल्याणच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिने सांगितलं, “आम्हाला पाच वेगवेगळ्या बांधांवर टाकलं सर. सगळे बांध सारखेच, पण एकावरचा दुसऱ्याला दिसत नाही. पाचही फुटले. आणि माझा फोन तर मध्येच बंद पडला. आधी कधी पडला नव्हता.”

प्रीतमने मान डोलावली, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उधाणाचं दृश्य लावलं. खोलीभर केशरी उजेड पसरला. तुळसाकाकी बराच वेळ बघत राहिल्या.

“पानी सुरेख हाय,” त्या म्हणाल्या. “खरा सांगतंय. आमच्या मिठागराव सांजचा असाच दिसाचा.”

प्रीतमच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं.

“पन ह्यो मागचा मानूस पाटी घेय नाय. मी हाका मारल्या त्याला. नुस्ता हात हलवतंय.” मग त्या वळल्या. “आनि तू संचिता ना? सुरवातीला तुजा नाव येतं. काल तुलाच शिव्या घातल्या मी.”

संचिताचे कान तापले. मी नव्हतं केलं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. गेमच्या सुरुवातीला नाव तिचंच होतं. ती प्रीतमकडे वळली.

“सांग त्यांना.”

“संचिता, हे नंतर बोलू. लोकांसमोर नको.”

“लोकांसमोरच! लोकांनाच वेगळं केलंस ना तू? माझं नाव काढ गेमवरून. आत्ता. नाहीतर चाळीस परत आण. तुझ्या जाहिरातीत माझी रांग, आणि खेळायला आले की बाहुले? ज्यांनी वर्षभर तुझा अर्धाकच्चा गेम सहन केला, त्यांच्या तोंडाला पानं पुसतोस?”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू! आठवडाभर हळूच बोललेय मी या ऑफिसात!”

तुळसाकाकी खुर्चीत नीट रेलून बसल्या. “चालूं दे तुमचा. आमी बसतू.”

तेव्हा दाराजवळ उभा असलेला सूरज बोलला. “चार दिवस द्या. उधाणाला साधं पाणी लावायचं बटण ठेवतो. ज्याला चाळीसची रांग हवी त्याने दाबावं.” प्रीतमने त्याच्याकडे रोखून पाहिलं. सूरज म्हणाला, “पाणी माझं आहे सर. ते बंद करायचं तर मीच करतो.”

पाहुणे उठेनात. शेवटी लालबुंद झालेला प्रीतम म्हणाला, “ठीक आहे.”

बटण आलं. पण प्रीतमच्या हुकमाने सेटिंगच्या तिसऱ्या पायरीवर, अशा जागी की हुडकल्याशिवाय सापडू नये. संचिताने त्यावरूनही भांडण काढलं आणि त्यात ती हरली. तुळसाकाकींच्या टोळीने मात्र बटण शोधून सगळीकडे निरोप फिरवला, आणि पुढच्या रविवारी हिरव्या पट्ट्याशेजारी चाळीस ठोकळे पुन्हा उभे राहिले. बांध टिकला. नव्याने आलेल्या बाकीच्यांनी बटण पाहिलंच नाही. ते आले, पाण्याचे फोटो काढले, आठ जणांत दोनदा बुडाले आणि गेले. महिनाअखेर प्रीतम म्हणाला, बघ, पाण्यामुळे किती आले. संचिता म्हणाली, बघ, पाण्यामुळे किती गेले. दोघांचे आकडे खरे होते. त्यानंतर ते खालच्या टपरीवर चहाला एकत्र गेले नाहीत.

तिने नोकरी सोडली नाही. आई म्हणाली, एवढा जीव जाळतेस तर सोड. ती म्हणाली, मी गेले तर उरलेले आठही जातील.

पुढच्या मीटिंगला प्रीतमने मासळीबाजाराचं नवं दृश्य लावलं. पापलेटच्या अंगावर उजेड सरकत होता, बर्फाचा खडा न् खडा वेगळा चमकत होता. टाळ्या वाजल्या.

“बाजारात माणसं किती?” मागून संचिताने विचारलं.

“आधी चित्र तरी बघ.”

“बघितलं. माणसं किती?”