बँकेच्या घरातली रक्ताची भिंत

"आलं! रक्त आलं!" कोणीतरी किंचाळलं आणि गर्दी दोन पावलं मागे सरली. स्वयंपाकघराच्या कोऱ्या भिंतीतून खरंच लालसर ओघळ येत होता. 'घर झपाटलंय' म्हणत आलेल्या एका भगव्या बाबांनी काठी तीनदा जमिनीवर आपटली होती, एवढंच.

"जुन्या मालकाचा तळतळाट आहे हा!" बाबा गरजले. "कर्जापायी बँकेने हुसकावलं त्याला! जो हे घर घेईल त्याचा निर्वंश होईल!" घर दाखवायला आलेला बँकेचा कारकूनसुद्धा हात जोडून उभा. धन्य!

माझी ताई पांढरीफटक पडली. बँकेच्या लिलावात बोली भरायची मुदत पाचपर्यंत होती आणि साडेतीन वाजून गेले होते. आठ वर्षं चौघं भाड्याच्या एका खोलीत राहिल्यावर तिला परवडणारं हे एकच घर सापडलं होतं. "नको रे," ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "माझ्या पोरींना काही झालं तर?"

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं प्लंबिंग करतोय. भिंतीतून रक्त कधी पाहिलं नाही, गंजकं पाणी मात्र रोज बघतो. ओघळ बरोबर सिंकच्या वर होता, नळ असायला हवा तिथेच. नळ मात्र नव्हता. शिवाय बाबांचा शिष्य 'आत्म्यावर नजर ठेवायला' गच्चीवर बसलेला. आत्मा खाली आणि नजर गच्चीवरून? मी दाजींच्या कानात सांगितलं, तसे ते गुपचूप जिना चढून गेले.

"बाबा, आणखी एकदा दाखवा की," मी म्हणालो.

काठी आपटली. भिंत कोरडी. पुन्हा आपटली. बाबांना दरदरून घाम फुटला.

"आत्मा रुसला वाटतं. थांबा, मी मंत्र म्हणतो." मी पिशवीतून पाना काढला, फरशीवर तीनदा ठोकला आणि डोळे मिटून म्हणालो, "एल्बो, टी, सॉकेट, युनियन, स्वाहा!"

भिंत भळाभळा वाहू लागली. आणि काय सांगू, शेजारच्या काकू चक्क माझ्या पाया पडल्या!

"अहो काकू, पाया कसले पडताय!" मी ओरडलोच. छिन्नीचे चार घाव घातले, गिलावा निघाला आणि आत लोखंडी पाइपाचं उघडं तोंड दिसलं. "जुन्या मालकाने जाताना रागाने नळ उपटून नेला आणि भोकावर गिलावा थापला. दोन वर्षं बंद पडलेला पाइप आतून गंजला. गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की गंजकं पाणी इथे वाहतं. बाबांच्या वेळी दाजींनी तो बंद ठेवला, माझ्या 'स्वाहा'ला उघडला."

एवढ्यात दाजी शिष्याला दंडाला धरून खाली घेऊन आले. तो बोलून गेला, "टाकीत बादल्यांनी पाणी मीच ओतलं. बाबांच्या मेहुण्याला हे घर स्वस्तात हवंय." बाबा चपला तिथेच टाकून पळाले.

ताईने डोळे पुसले. "दुसरं काय काय बिघडलंय? खरं सांग."

"वायरिंग उपटलंय, गटार तुंबलंय, छताला ओल आहे. बँक काहीही दुरुस्त करून देणार नाही, जसं आहे तसं घ्यायचं. पण हे सगळं माणसांनी केलंय, तेव्हा माणसांना नीटही करता येईल."

पाचला दहा कमी असताना तिने बोली भरली आणि घर तिलाच मिळालं. तुम्हीही कधी असं घर बघायला जाल. रागावून गेलेला मालक आणि दोन वर्षांचं कुलूप घराचं काय करतं, ते डोळ्यांनी बघा. सोबत प्लंबर न्या, वायरमन न्या. भीती वाटली तर वाटू द्या, पण घाबरून परत फिरण्याआधी भिंत फोडून बघा.