आडवी रेघ

आलेख दिसला की आधी अक्ष वाचायचे आणि मगच रेघेकडे बघायचं, हे मी कोथरूडच्या आमच्या घरातल्या माझ्या क्लासमध्ये अकरावीच्या मुलांकडून इतकं घोकून घेते की ती माझ्या माघारी माझी नक्कल करतात. अक्ष न वाचता बोलणाऱ्याला मी चार शब्द ऐकवते. कमी गुणांपेक्षा ते जास्त लागतात म्हणे.

उदाहरणाला माझी लेक कादंबरी असते. ती स्कूटरनं लोणी काळभोरला कॉलेजला जाते आणि फोनमधलं एक अ‍ॅप तिच्या वेगाचा आलेख काढत राहतं. तो मी, ती रस्त्यात असतानाच, क्लासच्या भिंतीवर मोठा करून दाखवते. तिला ते मुळीच आवडत नाही, पण मुलांना चटकन समजतं.

त्या सकाळी तिची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती. निघताना मी म्हटलं, "मला लोकांत तोंड दाखवता येईल, एवढं तरी कर." तिनं हेल्मेट चढवलं आणि निघाली.

भिंतीवरची रेघ चढत गेली आणि आडवी झाली.

"स्कूटर काय करतेय?" मी विचारलं.

"उभी आहे, मॅडम," समर्थ म्हणाला.

"वा. सोलापूर रोडवर ऊन खात उभी आहे का? रेघ आडवी म्हणजे वेग बदलत नाही. एकसारखी चाललीय ती."

"पण मॅडम, उभ्या अक्षावर अंतर आहे. घरापासूनचं."

मी वळून बघितलं. अ‍ॅप आज अंतराच्या आलेखावर उघडलं होतं आणि मी अक्ष वाचलाच नव्हता. कादंबरी खरंच थांबली होती, कॉलेजच्या बरीच अलीकडे. रेघ तशीच आडवी पुढे सरकत होती.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. त्या रस्त्यावरचे ट्रक मला माहीत आहेत. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं, तर परीक्षा सुरू झाली होती आणि ती आलेली नव्हती. मुलं वह्या मिटून बसली होती, जा म्हणायचंही मला सुचेना.

मग रेघ उतरू लागली.

"परत येतायत त्या," रुपाली म्हणाली. उत्तर बरोबर होतं, पण माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. आलेख फोनचा असतो. तो फोन तिच्या पर्समध्ये आहे, कुणा परक्याच्या हातात आहे की रुग्णवाहिकेत, हे कुठली रेघ सांगणार?

रेघ खाली टेकली आणि पुन्हा आडवी झाली. बेल वाजेना.

"अंतर शून्य," समर्थ हळूच म्हणाला. "उभ्या आहेत, मॅडम."

मी जिने कसे उतरले, मला आठवत नाही. पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून कादंबरी उभी होती, हेल्मेटसकट. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"अगं, फोन का नाही उचललास?"

"काय सांगणार होते? पुढे जायचा धीरच झाला नाही, आई."

"मग वर तरी यायचंस."

तिनं आमच्या खिडकीकडे बघितलं.

"मुलं आहेत ना अजून? मी भिंतीवर असेन. ती गेली की येते."