बिनदोराचं यंत्र

लिफ्टचे मिस्त्री म्हणजे छातीचा माणूस, असं त्यांच्याबरोबर काम करणारे सगळे म्हणत. वीस मजल्यांच्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर बसून ते डबा खात. आत अडकलेल्यांना बाहेरून ओरडून सांगत, "घाबरू नका, दोर पाच आहेत. एकाच्या जिवावरसुद्धा तुम्ही आरामात लटकाल!" पण विमानाचं नाव काढलं की याच माणसाची गाळण उडायची. कारण काय, तर विमानाला दोर नाही. "वरून कुणी धरलंय त्याला?" असं ते बायकोला विचारत.

मुलगी समुद्रापलीकडे. तीन वर्षांपूर्वी ती बाळंत झाली, तेव्हा मिस्त्रींनी फोनवर ठोकून दिलं, "कानाच्या पडद्याला भोक पडलंय. डॉक्टरांनी विमान बंद सांगितलंय." बायको एकटीच गेली, नवऱ्याचं खोटं सांभाळून आली आणि आल्यावर आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. नातीला मिस्त्रींनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं. यंदा दुसऱ्या बाळंतपणासाठी बायको पुढे गेली ती बजावूनच. "या खेपेला मी खोटं बोलणार नाही. यायचं तर या, नाहीतर खरं काय ते तुम्हीच पोरीला सांगा."

सांगण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणून मिस्त्री विमानात बसले.

विमानाने जमीन सोडली तेव्हा ते डोळे मिटून, पट्टा आवळून गप्प होते. तेवढ्यावर निभावलं असतं. पण लगेचच पायाखाली घरघर झाली आणि धाडकन आवाज आला. तीस वर्षांच्या सवयीने मिस्त्री कामावर ओरडत तसे खच्चून ओरडले, "ब्रेक सुटला! कुणी हलू नका!"

पुढच्या रांगेतल्या मुलाने भोकाड पसरलं. शेजारच्या बाईंनी त्यांचं मनगट गच्च धरलं. हवाईसुंदरी लगबगीने आली.

"काका, चाकं आत घेतली. दर वेळी घेतात."

आधी एक जण हसला, मग रांगाच्या रांगा. मिस्त्रींना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण जमीनही केव्हाच खाली राहिली होती.

गंमत म्हणजे भीती तिथेच संपली. लाज एवढी मोठी झाली, की भीतीला बसायला जागाच उरली नाही. पुढचे सहा तास ते इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. चांगली देखभाल केलेल्या यंत्राचा एकसारखा, स्वच्छ आवाज. याला भिऊन आपण पोटच्या पोरीला फसवलं, हे मनात आलं आणि त्यांनी समोरचं ताट तसंच परत केलं.

विमानतळाबाहेर मुलगी पोट सांभाळत उभी होती, बोटाला नात. नात आली ती थेट त्यांच्यापाशीच.

"आजोबा, वाका ना."

ते वाकले. तिने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि उजव्या कानावर हळूच फुंकर घातली.

"फोटोतल्या तुमच्या कानावर ही रोज फुंकर घालते, बाबा," मुलगी हसत म्हणाली. "कान बरा झाला की आजोबा येतील, असं मीच सांगून ठेवलं होतं."

"झाला बरा?" नातीने विचारलं.

नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. मिस्त्रींना मान हलवता येईना.

"कानाला काही झालंच नव्हतं," ते मुलीकडे न बघता म्हणाले. "मी विमानाला घाबरत होतो. तुझ्याशी खोटं बोललो."

ती चिडेल, निदान चार शब्द सुनावेल, याची ते वाट बघत राहिले. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"एवढंच होतं तर सांगायचं ना, बाबा," ती म्हणाली. "मीच आले असते तुम्हाला न्यायला."