कर्जातून साठवलेले घर

मित्रांनो, मी एक जुने बचतपुस्तक आहे. जर्मनीत मला श्पारबुख म्हणतात. २००३ च्या ऑक्टोबरात कोलोनच्या एका बँकेत माझा जन्म झाला. काउंटरवरच्या बाईंनी मला सुलेखाच्या हाती दिले, तेव्हा तिने मला प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हातांनी घेतले. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

सुलेखा साताऱ्याची, कोलोनला शिकायला आलेली. वडील लहानपणीच गेलेले. आई, मनोरमाबाई, शाळेत कारकून होत्या. घरमालक सांगेल तेव्हा त्या भाड्याची खोली बदलत. मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर त्यांनीच सही केली होती.

ते कर्ज परदेशातल्या राहण्या-जेवण्यासाठी होते. पण सुलेखाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासांवर काम मिळाले. तिने ठरवले, त्या कमाईवर कसेबसे भागवायचे आणि कर्जाचे पैसे माझ्याजवळ ठेवायचे. आईसाठी साताऱ्यात स्वतःच्या दोन खोल्या घ्यायच्या.

माझी पाने भरू लागली. बँकेतल्या बाई म्हणत, "फार काटकसरी मुलगी!" मी फुलून जात असे. खोलीवर आल्यावर सुलेखा मला उघडून आकडा मराठीत मोठ्याने वाचायची. दिवसभरात ती तेवढेच मराठी बोलायची. हिवाळ्यातही तिचा हीटर शून्यावर असे. जेवण म्हणजे ब्रेड, नाहीतर नुसता भात.

शेजारच्या खोलीतला जयंत नागपूरचा, पीएचडी करणारा. तो एकदा म्हणाला, "अगं, तिकडे बारा टक्के व्याज भरणार आणि इथे दोन मिळवणार! गणित कर ना जरा."

"कळतं रे मला," ती म्हणाली. "पण आकडा वाढताना दिसला की घर जवळ आल्यासारखं वाटतं."

गणपतीला त्याने बोलावले. पाच युरो वर्गणी होती. सुलेखा गेली नाही. दिवाळीलाही गेली नाही. पुढे कोणी बोलावेनासे झाले.

२००५ च्या फेब्रुवारीत ती ग्रंथालयातच चक्कर येऊन पडली. इस्पितळात कळले, रक्त फार कमी झाले होते. जयंतने साताऱ्याला फोन लावून तिच्या हातात दिला. मी पलंगाशेजारी तिच्या पर्समध्येच होतो. तिने आईला सारे सांगून टाकले.

"घर मी मागितलं होतं का गं?" मनोरमाबाई म्हणाल्या. "तू पोटभर जेवून शिकावंस म्हणून सही केली मी. उपाशी पोरीच्या घरात मला झोप लागेल का?"

सुलेखा खूप रडली. बरी झाल्यावर तिने खाते बंद केले. थोडे पैसे खाण्यापिण्याला ठेवून बाकीचे कर्जात भरले. बँकेतल्या बाईंनी माझा एक कोपरा कापला आणि मी निकामी झालो. तरी तिने मला टाकले नाही. मी कागदांच्या खाली, ड्रॉवरमध्ये पडून राहिलो.

पुढे तिला वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. कर्ज फिटले. २००९ मध्ये तिने पगारातून साताऱ्यात फ्लॅट घेतला. मनोरमाबाई तिथे एकट्याच राहायला गेल्या.

एका रविवारी काही कागद शोधताना सुलेखाच्या हाती मी लागलो. तेवढ्यात आईचा फोन आला.

"घर कसं आहे, आई?"

"छान आहे गं. सकाळी ऊन येतं. फक्त दार वाजवत नाही कोणी."

सुलेखाने आपल्या नीटनेटक्या, शांत खोलीभर नजर फिरवली.

"इथेही नाही वाजवत गं," ती म्हणाली.

मग बराच वेळ दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.

मित्रांनो, बचत जरूर करा. पण जेवण, सोबत आणि आपल्या माणसांची भेट यांना काट मारून ती करू नका. माझ्यात जे ठेवले, ते व्याजासकट परत मिळाले. तिचे ते दीड वर्ष मात्र मला परत देता आले नाही.